करंटचा गंज

रेणूने चणा बोटांत दाबला. दबला नाही. दुसरा दाबला, तोही तसाच. ताटं वाढून झाली होती, सासरे गोपाळराव जेवायला बसले होते आणि सकाळपासून शिजत ठेवलेली भाजी आज पुन्हा दाताखाली कटकटणार हे नक्की होतं.

"आजही?" पहिल्याच घासाला गोपाळराव म्हणाले. मग त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "रेणू बेटा, मी तुले आधीच बोललो होतो. नोकरी कर, पण सांजचं जेवण घरचं आन् धड पाहिजे. दिवाळीपर्यंत पाहू. नाही तर घरीच राय."

भूपेंद्र, तिचा नवरा, बापासमोर कधी तोंड उघडत नसे. आजही त्याने ते फक्त चणे चावायला उघडलं. सासू शेवंताबाई मान खाली घालून जेवत होत्या. रेणूला ती खाली घातलेली मानच जास्त खुपली.

रेणू आंधळगावहून रोज स्कूटीने मोहाडीला जायची. तिथल्या एका पतसंस्थेत ती तात्पुरती लागली होती. पक्की करायची की नाही, याचा निरोप दिवाळीच्या सुमारास यायचा होता. सकाळी घाईघाईत निघायचं, दिवस बुडाल्यावर परतायचं. शेवंताबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना ओट्यापाशी उभं राहवत नसे. म्हणून रेणूने स्लो कुकर आणला. सकाळी डाळ, उसळ, जे काय असेल ते पाणी घालून लावायचं, बटण दाबायचं आणि निघायचं. संध्याकाळी आल्यावर वरून फोडणी द्यायची, भात टाकायचा, पोळ्या लाटायच्या, की झालं. घरात त्याचं नाव पडलं करंटचा गंज, म्हणजे विजेवरचं पातेलं. सुरुवातीला त्यातली बरबटी, म्हणजे चवळी, अशी मऊ शिजली की गोपाळरावांनी दोनदा मागून घेतली होती.

आणि मग गंज रुसला. एक दिवस शिजायचं, दोन दिवस कच्चं. रेणूने आधी विजेच्या लाईनला दोष दिला, मग पाण्याला, मग चण्याला. शेवटी तिच्या डोक्यात दुसरंच आलं. या गंजाचं झाकण मध्येच काढून ठेवलं की सगळी वाफ जाते आणि शिजणं मागे पडतं. हे तिला ठाऊक होतं. घरात कुणाला सांगायची गरज तिला वाटली नव्हती, कारण त्या गंजाकडे कोणी फिरकतच नसे. निदान तिला तसं वाटत होतं. गोपाळराव दिवसभर दुकानात, भूपेंद्र तुमसरला. दुपारी घरी एकच माणूस.

एकदा संशय आला की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. सकाळी ती निघताना शेवंताबाई हमखास विचारायच्या, "आज का लावलं गंजात? कांदा-लसूण टाकला का?" संध्याकाळी तिने चप्पल काढायच्या आत दुसरा प्रश्न तयार असायचा, "आला का वं निरोप?" आधी रेणू सरळ उत्तरं द्यायची. आता तिला वाटू लागलं, ही बाई आपली नोकरी कधी जाते याचीच वाट पाहते आहे. आणि नुसती वाट पाहून भागेना, म्हणून हातभारही लावते आहे.

सासूला तोंडावर विचारायचं कसं? तिने आडून विचारून पाहिलं, "आई, दुपारी कोणी येते का घरी?"

"कोण येते? मी आन् चिमण्या," शेवंताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना रेणूने झाकण आणि गंज जुळतात तिथे भिजवलेल्या कणकेची बारीकशी टिकली चिकटवली. संध्याकाळी झाकण जागेवर होतं, पण टिकली तुटलेली होती आणि वाल कच्चे होते. त्या रात्री गोपाळरावांनी वाल बाजूला सारून दह्यासोबत भात खाल्ला.

मग तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्कूटी कोपऱ्यावर उभी केली आणि मागच्या परसातून, धुण्याच्या दगडापाशी चपला काढून, स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. स्वतःच्याच घरी चोरासारखं यावं लागलं, याचीही तिला चीड आली होती.

शेवंताबाई भिंतीला धरत धरत आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी झाकण उचललं. वाफेचा लोट वर गेला. झाकण त्यांनी ओट्यावर ठेवलं, पळीने वाटीत थोडी उसळ घेतली आणि गंज तसाच उघडा टाकून, दर पावलाला कण्हत, आतल्या खोलीत गेल्या.

रेणूचं डोकं भणाणलं. आज दोनच गोष्टी बोलायच्या, पण तोंडावर बोलायच्या, असं ठरवून ती मागच्या दारातून आत शिरली आणि देवघराच्या उंबऱ्याशी थांबली.

खाली बसायला जमत नसल्याने शेवंताबाई देवापुढे स्टुलावर बसल्या होत्या. वाटीभोवती त्यांनी पाणी फिरवलं होतं. उसळीवर तुळशीचं पान होतं. डोळे मिटून, हात जोडून त्या हळू आवाजात देवाशी बोलत होत्या.

"सकाळचं सारे खाऊन गेले, म्हणून सांजच्यातलं हे पहिलं तुह्यासाठी काढलं. तुही पोथी वाचून झाली का मंगच गंज झाकतो. आजही कच्चंच हाय, काहून शिजत नाही ते तूच जाण. गोड मानून घे देवा, पण माह्या रेणूची नोकरी तेवढी पक्की कर."