भाकरतुकडा

सून उलटं बोलणारी असली, तर तिच्याशी भांडता तरी येतं. क्रांती उलटं बोलत नव्हती. काहीही सांगा, "बरं आत्ती," म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. साळूबाईला तिचा राग यायचा तो एवढ्याचसाठी.

श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि साळूबाईचं खुब्याचं हाड मोडलं. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन करून ते जोडलं. तेव्हापासून ती सोप्यातल्या खाटेवर होती. पाणी मागायच्या आधी तांब्या यायचा, भांडं मागायच्या आधी भांडं. कूस बदलायला जरा हालली, की क्रांती चुलीपुढनं उठून पळत यायची. गावातल्या बायका बघायला येत आणि जाताना क्रांतीच्या पाठीवरून हात फिरवून जात. डॉक्टरनं अंडी खा, डाळ खा म्हणून सांगितलं होतं. पण अंडी-डाळीनं टाके पिकतात, असं बायकांचं एकमत झालं. साळूबाईनंही तेव्हा मान डोलावली होती. मग पेज सुरू झाली. टाके कधीच सुकले, पेज काही बंद झाली नाही.

चालायला म्हणून दवाखान्यातनं नळ्यांचा घोडा आणला होता. तो परड्यात उभा होता. त्यावर नातीचे झगे वाळत होते.

उसाला कोयता लागला आणि कडेगावच्या एसटीडीवाल्याकडनं निरोप आला, जयराज सुट्टीवर येतोय.

साळूबाईचा लेक जयराज फौजेत. घरी आला, की तो उंबऱ्याबाहेर थांबायचा. साळूबाई त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळायची, लांब अंगणापलीकडं भिरकावायची, पायावर पाणी घालायची, आणि मगच तो आत यायचा. भरती झाल्यापासून हे कधी चुकलं नव्हतं.

भाकरी थापता थापता क्रांती म्हणाली, "आत्ती, बनुआत्यास्नी सांगितलंय. त्या टाकत्याल तुकडा."

"का? मी मेले व्हय?"

"तसं न्हवं. तुमास्नी तरास नगं."

"त्येची आई मी का शेजारची बनी? काढ ते झगं. आण घोडा हिकडं."

"ह्यांनी पत्रात बजावलंय, आत्ती. आईला काय करू द्यायचं न्हाई. परत पडली तर मला तोंड दावू नगं म्हणून लिवलंय."

"आणतीस का रांगत जाऊ?"

क्रांतीनं घोडा आणला. साळूबाईनं खाटेखाली पाय सोडले. लुगडं वर सरकलं. इतके दिवस अंग क्रांतीनंच पुसलं होतं, तेही पांघरुणाखाली. साळूबाईनं खाली बघितलं आणि ती बघतच राहिली. वैरणीचे भारे वाहून घट्ट झालेल्या पोटऱ्या होत्या तिच्या. आता हाडावर कातडं लोंबत होतं. मोडक्या पायाचं तिला नवल वाटलं नाही. तिनं धड पाय चाचपला. पोटरी मुठीत मावली.

मोडला एकच होता. वाळले दोन्ही होते.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. साळूबाईनं घोड्याच्या नळ्या धरल्या, दात खाऊन जोर लावला. बूड खाटेवरनं सुटलं. मांड्या लटलट कापायला लागल्या आणि ती धपकन खाली बसली.

"दम खावा, आत्ती."

"तू गप."

शेजारची बनुबाई भाकरी आणि तांब्या घेऊन आली. "अक्का, टाकते की मी. माझं न्हाई व्हय त्ये पोरगं?"

"तुझ्या पोरावर टाक जा."

अंगणात पत्र्याची काळी ट्रंक आदळली. जयराजचे बूट उंबऱ्यापाशी थांबले. "आये, आण की तुकडा! प्वाटात कावळं वरडाय लागल्यात."

"थांब! वलांडू नगस उंबरा!" साळूबाई ओरडली आणि पुन्हा उठली. या खेपेला क्रांतीनं काखेत हात घालून तिला उचललं. उचलली, तशी ती वर आली. सोडली, तशी खाली गेली. पायांनी यात काहीच केलं नाही.

बाहेर जयराज उभाच होता. बनुबाई साळूबाईच्या तोंडाकडं बघत होती.

"आण ती भाकरी," साळूबाई म्हणाली.

तिनं तुकडा मोडला. खाटेवर बसूनच दाराच्या दिशेनं हात फिरवला आणि सगळं बळ एकवटून तुकडा फेकला. तो उंबऱ्यापर्यंतही गेला नाही. सोप्याच्या मधोमध पडला. अंगणातली कोंबडी जयराजच्या बुटांजवळनं आत आली आणि तुकड्यावर चोच मारायला लागली.

कुणी तिला हाकललं नाही.

जयराज तसाच आत आला, खाटेच्या कडेला बसला. आईच्या पायांवर पांघरूण नीट ओढत म्हणाला, "कशाला उठतीस उगं? बघ, क्रांतीनं तळहाताच्या फोडावानी जपलंय तुला."

"व्हय वो," बनुबाई म्हणाली. "अशी सून गावात न्हाई."

क्रांती भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होती. साळूबाईनं तिला जवळ बोलावलं. हाताला धरून खाटेवर बसवलं. बराच वेळ तिचा पिठानं भरलेला हात सोडला नाही.

"क्रांते, तुझ्यात खोट न्हाई गं," ती म्हणाली. "तू द्वाड असतीस, तर आज मी उंबऱ्यात हुबी असते."