मोहिनीची बाजू

केदारे सरांची मुलगी मोहिनी सायकलवरून ज्या टेम्पोखाली गेली, त्याचा ड्रायव्हर लखन सहा वर्षांनी, २००२ साली, नाशिकरोडला त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या गळ्यात क्रॉस होता. सरांनी त्याला आत बोलावलं नाही.

"सर, माफी मागायला आलोय. मी आता येशूला मानतो. कबूल केलं की तो क्षमा करतो."

"मग केली असेल त्याने. माझ्याकडे कशाला आलास?" यात नक्की काहीतरी डाव असणार, असं सरांना वाटलं. "वैर मी केव्हाच सोडलंय. पण विश्वास ठेवायला सांगू नकोस. आमचे बुद्ध म्हणतात, आधी तपासा, मग माना. कोर्टाने तुला सोडलंय. मग आता काय अडलंय तुझं?"

"काहीच नाही, सर."

"मग कुणी पाठवलं? फादरनी?"

"ते म्हणाले, देवाच्या आधी त्या माणसाकडे जा." लखनने मान खाली घातली. "मी कोर्टात खोटं बोललो. तुमची पोरगी राँग साइडने येत नव्हती, सर. तिच्या बाजूनेच चालली होती. माझाच डोळा लागला होता."

 पोरगी बेफिकीर होती, तिचीच चूक झाली, असं सहा वर्षं सर स्वतःच सगळ्यांना सांगत आले होते.

ते आत गेले आणि त्यांनी मोहिनीच्या फोटोपुढे हात जोडले.

"माफ कर गं पोरी. मी तपासलंच नाही."