कोणत्या अक्षरांत लिहू?

"फोटो नको," सुमिए म्हणाली आणि तिने तोंडावरचा मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला.

"अगं, वर्तमानपत्रवाला आहे तो, पोलीस नव्हे!" मित्सुयोने कपाळावर हात मारला. "आठ दिवस मागे लागले तेव्हा कुठे उगवलाय. पुस्तक काय असं लपूनछपून विकतात?"

ओकायामाच्या त्या सभागृहात शंभरएक हौशी लेखक आपली स्वतः छापलेली पुस्तकं मांडून बसले होते. प्रत्येकाला अर्धं टेबल. समोरचा एक कवी तर मांजराचा वेष चढवून आला होता, आणि त्याच्याकडे गर्दीही होती. सुमिएच्या टेबलावर 'रोज ढवळायचं मडकं' या पुस्तकाच्या चाळीस प्रती होत्या. तांदळाच्या कोंड्यात मुरवायच्या लोणच्यांचं साधंसुधं पुस्तक. ती मित्सुयोच्या छापखान्यात आठ वर्षं पानं जुळवायचं काम करत होती. जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदांच्या पाठीवर काहीबाही लिहायची. ते मित्सुयोच्या हाती लागलं आणि तिने छापूनच टाकलं.

पुस्तक हातात आलं त्या दिवशी सुमिएने ते मिरवण्याऐवजी गादीखाली लपवलं होतं. मुखपृष्ठावर नाव खोटं होतं, तरी भीती जाईना. त्यातच जाहिरात म्हणून मित्सुयोने तिला न विचारता एक पान इंटरनेटवर टाकलं. मडक्यात पर्सिमन या फळाची वाळवलेली साल घालायची कृती. ते हजारो लोकांनी वाचलं. तेव्हापासून दाराची घंटा वाजली की सुमिए आधी घरातला दिवा मालवायची.

"अजून त्या नवऱ्याला भितेस ना?" मित्सुयोने आवाज खाली आणला. "अकरा वर्षं झाली गं. कुठे अकिता, कुठे ओकायामा! आणि आलाच मेला, तर मी बसलेय इथे. कागद कापायच्या सुरीने सोलून काढीन."

नवऱ्याचं मित्सुयोने आपलं आपणच ताडलं होतं. सुमिएने तेव्हा नुसती मान खाली घातली होती. पहिली दोन वर्षं ती वाचनालयात जाऊन अकिताचं वर्तमानपत्र वाचायची. मग एके दिवशी काहीतरी वाचलं आणि पुन्हा त्या कपाटाकडे ती फिरकली नाही.

एक आजोबा पुस्तक घेऊन पुढे आले. "युकोच्या नावाने लिहून द्या. बायको आहे माझी."

"कोणत्या अक्षरांत लिहू?" सुमिएने विचारलं. हे विचारावंच लागतं. नाव कानाला एकच, पण लिहायच्या तऱ्हा वीस.

"'माया' या अर्थाचं यू आणि 'मूल' या अर्थाचं को. विचारलंत ते बरं केलंत, बाई. मागे एका लेखकाने न विचारताच लिहिलं. ते नेमकं माझ्या मेहुणीचं नाव निघालं. आठ दिवस घरात कुणी मला चहा दिला नाही."

मित्सुयो खो खो हसली. सुमिएलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिने मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात तो वार्ताहर परत आला. "चेहरा नको तर नको, मॅडम. हात चालतील. सही करतानाचे."

मित्सुयोने टेबलाखालून पाय मारला. फार नाही म्हटलं तर लोक 'का' विचारतात, हे सुमिएला चांगलं ठाऊक होतं. तिने मान हलवली. डाव्या मनगटावर जुना लांब व्रण होता, त्यावर तिने घाईघाईने बाही ओढली. कॅमेरा खाली वाकला.

"कोतोहाच्या नावाने," समोरून कुणीतरी म्हणालं.

बाही पुन्हा वर सरकत होती. सुमिएचं सगळं लक्ष त्या बाहीकडे आणि कॅमेऱ्याच्या काळ्या काचेकडे होतं. उजवा हात आपला चालत राहिला. दोनदा खटखट झालं.

"मस्त आलाय!" म्हणत वार्ताहर मांजरवाल्या कवीकडे वळला. सुमिएने कपाळावरचा घाम पुसला आणि पुस्तक पुढे सरकवलं.

समोर सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी होती. ती लिहिलेल्या पानाकडे बघत राहिली. पान उलटेना, की जाईना.

"तुम्ही अक्षरं विचारली नाहीत," ती म्हणाली.

सुमिएने खाली पाहिलं. 'तळं'चं को, 'दिवा'चं तो, 'लाट'चं हा. तिने चटकन त्या अक्षरांवर हात ठेवला.

"असंच... असंच लिहितात ना बहुतेक?"

"नाही. सगळ्या जणी 'कोतो' आणि 'हा' अशा दोनच अक्षरांत लिहितात. माझं तीन अक्षरांचं आहे. शाळेत एकाही बाईंना पहिल्या फटक्यात लिहिता आलं नाही."

"लेखिका आहे, बाई! त्यांना मनातलं कळतं!" मित्सुयो आपलं गिऱ्हाईक सांभाळत होती.

"ते पर्सिमनच्या सालीचं पान वाचलं मी," मुलगी सुमिएकडेच बघत म्हणाली. "आमच्या घरच्या मडक्यातही तीच साल असायची. दोनदा रेल्वे बदलून आलेय."

हेच नाव सुमिएने एके काळी दप्तरावर शिवलं होतं, डब्यावर कोरलं होतं. घर सोडलं तेव्हा पोरगी सात वर्षांची होती. सुमिएला आत्ता उठून पळून जावंसं वाटत होतं, आणि त्या पोरीच्या गालावरून एकदा हात फिरवावासाही वाटत होता. यातलं तिने काहीच केलं नाही.

"बाबांना..." तिने मुलीच्या मागे, दाराकडे पाहिलं. "बाबांना कळलंय?"

मित्सुयोचं हसू मावळलं. ती ताडकन उठली आणि गर्दीतल्या एकेका पुरुषाकडे बघू लागली. "कुठाय? कुठाय तो? पोरीला पुढे करून स्वतः लपलाय होय! ये म्हणावं समोर!"

"ते कसे येतील?" मुलगी म्हणाली. "तुझा खून केला म्हणून नऊ वर्षं तुरुंगात आहेत ते, आई."