कापसावरची उशी

मारेगावात त्या साली कापसाला भाव नव्हता, म्हणून अख्खी गंजी घरातच पडून होती. थोरल्या नातीच्या मेंदूत गाठ निघाली, तेव्हा हलीमानं सुनेची, उमेराची, उशी त्या कापसावर भिरकावली. "तुह्या माहेरचं रक्तच किडकं हाये. इथंच नीज." उमेरानं चार महिने अंग खाजवत तिथं काढले. आज डॉक्टरांनी पोरीच्या, आई-बापाच्या आणि आजीच्या रक्ताच्या तपासण्या समजावल्या: गाठ पिढीजात जनुकदोषाची आहे, किरणांच्या शेकानं नव्या गाठी उठतील म्हणून तो टाळायचा, धाकटीलाही तपासायचं. उमेराचं रक्त साफ होतं. दोष नवऱ्याच्या रक्तात होता, आणि त्याला तो आईकडून आलेला. घरात पाय ठेवताच उमेरानं सासूची उशी कापसावर आपटली. "अम्मी, गंजी इकेपर्यंत आता तुमी निजा इथं." नवऱ्यानं स्वतःची उशी काढली आणि आईच्या उशीशेजारी नेऊन ठेवली. उमेरानं त्याला अडवलं नाही.