सव्वासातची हाक

सव्वासातला समोरच्या गॅलरीतून ‘काका’ अशी हाक आली आणि त्र्यंबकराव अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले. समोरची बाई हसली. हेही हसले. मग दोघांनी गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या हातभर समुद्राकडे पाहिलं. मासेमारीच्या होड्या परतत होत्या. बाईने कठड्यावर भाताचा घास ठेवला आणि ती आत गेली. एवढंच. पण त्र्यंबकरावांचा अख्खा दिवस त्यावर निघायचा.

वाई सोडून ते चेन्नईला, बेझंटनगरात लेकीकडे आले होते. महिनाभर राहून बघतो, या बोलीवर. सावनी सहालाच कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला जायची, ती दिवेलागणीला यायची. मधल्या वेळात भाजीवाला त्यांना ‘सार’ म्हणायचा, वॉचमनही ‘सार’ म्हणायचा. इथली मांजरंसुद्धा तमिळमध्येच ओरडतात, असं त्यांचं मत झालं होतं. अशात ही हाक. शनिवारी त्यांनी लेकीला सांगून टाकलं, परतीचं तिकीट रद्द कर, मी राहतो. सावनीला इतका आनंद झाला की तिने कारण विचारलं.

कारण ऐकून मात्र ती हसत सुटली.

“अहो बाबा, तमिळमध्ये काका म्हणजे कावळा. इथे आधी त्याला भात घालतात, मग घरचे जेवतात. ती त्याला बोलावते.”

त्र्यंबकरावही हसले. आपल्याकडे कावळ्याला दहाव्याला बोलावतात, मी जरा लवकर हजर झालो, म्हणाले. पण पानातला भात काही संपला नाही. इतके दिवस आपण कावळ्याच्या वाट्याचं हसू घेत होतो, हे गिळायला जड गेलं. हात धुऊन आल्यावर म्हणाले, तिकीट राहू दे, वाईचं घर फार दिवस बंद ठेवणं बरं नाही. सावनीने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

रविवारी सव्वासातला हाक आली. ते आतच बसले. पुन्हा आली. त्यांनी रेडिओ मोठा केला. सोमवारीही तेच.

मंगळवारी गाडी होती. सावनीने रजा काढली होती. सव्वासात वाजले, साडेसात वाजले, हाक आलीच नाही. बरं झालं, एकदाचं कावळ्यालाही कळलं, असं म्हणत त्र्यंबकरावांनी बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

समोरची बाई दारात होती. केसांत अबोलीचा गजरा, दोन जिने चढून लागलेला दम. तिने आपलं नाव तुळसी सांगितलं आणि पुढे जे बोलली ते चक्क मराठी होतं. जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, तमिळ हेलातलं, पण मराठी. तिचं घराणं तंजावरचं. काका गॅलरीत उभे राहून वाईला फोन करत, तो सगळ्या गल्लीला ऐकू जाई, त्यावरून ते मराठी आहेत हे तिने ओळखलं होतं. महाराष्ट्रातली माणसं आमच्या मराठीला हसतात, म्हणून एका शब्दापुढे धीर झाला नाही, असं ती खाली बघत म्हणाली. मग मान वर करून तिने विचारलं,

“दोन दिवस दिसलां नाहींत. अंगास बरें नाहीं काय?”

त्र्यंबकरावांनी लेकीकडे पाहिलं. सावनीनेच ओशाळून सांगितलं, आम्हाला वाटलं, तुम्ही कावळ्याला हाक मारता.

तुळसीने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. एवढी शिकली-सवरलेली माणसं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं.

“कावळ्यास आम्ही कावळाच म्हणतों, काका.”