कोचीनचा थांबा

"कोचीनला आपन उतरायचं न्हाई," सावळेराम म्हणाले आणि वहीतल्या त्या नावावर त्यांनी पट्टी धरून पेन्सिलीची रेघ मारली.

रत्नाबाई सुपात शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. "साडेसात तास बोट हुबी ऱ्हानार. समदी मंडळी उतरनार. आन् आपन दोघं काय वर बसून लाटा मोजायच्या?"

"गोव्याला उतरू की. मंगेशीचं दर्शन घेऊ. तेवढं लई झालं."

सावळेराम ओतूरच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. रिटायर झाले तरी वेळापत्रक अंगातून गेलं नव्हतं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळानं मुंबई ते कोचीन बोटीची सहल काढली, आणि तिकिटं आल्यापासून सावळेरामांनी वेगळी वहीच केली होती. बोट कुठे किती वाजता लागणार, धक्क्यापासून रिक्षा किती मिनिटांवर, देवळात चपला काढायला चार मिनिटं. सगळं चोवीस तासांच्या घड्याळात. घरचा चहासुद्धा ते १६.१० ला पीत. आणि एकही गाडी कधी कुणासाठी मिनिटभर थांबवली नाही, हे येईल त्याला सांगत.

सहलीला नावं मात्र रत्नाबाईंनीच परस्पर दिली होती. नवऱ्याला आधी फक्त गोवाच सांगितला. कोचीनचं कळलं तोवर तिकिटं हातात पडली होती.

कारण कोचीनला हर्षाली होती.

एकुलती एक लेक. जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला आलेल्या केरळच्या ख्रिश्चन मुलाबरोबर बारा वर्षांपूर्वी निघून गेली, आणि गेली तीही बापाच्याच स्टँडवरून, बापाच्याच पाळीत. सकाळची कल्याण गाडी बापानं वेळेवर सोडली. आत कोण बसलं होतं ते त्याला संध्याकाळी कळलं. गावानं ती गोष्ट चघळून चघळून तिचा चोथा केला. त्या दिवसापासून सावळेरामांनी लेकीचं नाव घेतलं नाही.

रत्नाबाईंनी चोरून धागा धरून ठेवला होता. आधी शेजारच्या साधनाच्या फोनवर हर्षालीचा फोन यायचा. चार वर्षांपूर्वी ते थांबलं आणि नव्या नंबरावरून रत्नाबाईंच्याच फोनवर मेसेज यायला लागले. 'आई, तुझा आवाज ऐकला की दिवसभर काही सुचत नाही. आता लिहूनच बोलू.' रत्नाबाई एकेक मेसेज चार-चारदा वाचत. लेक कशी बापावर गेलेली! 'आज १४.२० ला घरी आले, मग जेवले,' असं लिहायची. मेसेज यायचे तेही दुपारी, सावळेराम मोटर चालू करायला मळ्यात गेले की. आपणच कधीतरी तिला ती वेळ सांगितली असणार, असं रत्नाबाईंना वाटे.

नवरा मात्र दगड. त्याला देवाधर्माचंही कधी नव्हतं. एकदाच, चारेक वर्षांपूर्वी, काय मनात आलं कोण जाणे, एकटेच तिरुपतीला म्हणून गेले. पाच दिवसांनी परतले तर डोक्यावरचे केस जिथल्या तिथे आणि पिशवीत लाडू नाही. घरात पाऊल टाकायच्या आधी मोटरीच्या पाइपाखाली कपड्यांसकट अंघोळ केली. "लाडवाला लई रांग व्हती," एवढंच म्हणाले. रत्नाबाईंनी त्यावरून त्यांना वर्षभर चिडवलं होतं.

बोटीचं ठरल्यावर त्यांनी हर्षालीला कळवलं. एरवी लगेच लिहिणाऱ्या लेकीचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'आई, त्या आठवड्यात आम्ही इथे नसू. उतरू नकोस. उगाच उन्हात हिंडशील.'

आता रत्नाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"हर्षा मला मेसेज करती. चार वर्षं झाली. तुमाला चोरून."

बारा वर्षांत ते नाव त्या घरात मोठ्यानं निघालं नव्हतं. आता वही भिंतीवर आदळणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"ठावं हाय," सावळेराम म्हणाले.

आवाजात राग नव्हता. तेवढ्यानं रत्नाबाईंना धीर आला.

"ती तिथं नसनार म्हनती. नसू द्या. तिच्या दाराला हात लावते, पायरीवर घडीभर बसते आन् माघारी येते. तुमी येऊ नका, अहो. फकस्त गाडी थांबवा माझ्यासाठी. जल्मात कुनासाठी थांबवली न्हाई, एकदा थांबवा."

सावळेरामांनी खोडरबर घेतलं आणि ती रेघ पुसली. खाली लिहायला लागले. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला, एक ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिली. वही त्यांनी रत्नाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"मोटर चालू करून येतो," म्हणाले आणि निघून गेले. सकाळपासून लाइट नव्हती.

रत्नाबाईंना आधी फक्त पुसलेली रेघ दिसली आणि रडूच कोसळलं. विरघळला म्हणायचा बाप! दारात कुणी नसलं तर शेजाऱ्यांकडे शेंगदाण्याचे लाडू ठेवून यायचे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. मग पदरानं डोळे पुसून त्या बोट ठेवत एकेक ओळ वाचायला लागल्या.

कोचीन. बोट लागणार ०८.००.

धक्क्यावरून रिक्षा ०८.४०. हिरव्या बांगड्या आणि ओटीचं सामान घरून घेणे.

चर्चचं मागचं फाटक ०९.१५. आत तिसरी रांग, डावीकडून पाचवी कबर, हर्षाली.

थांबा : रत्ना उठेल तोवर.