सदतीस अंश सेल्सिअस

"विशाखा, चाळीस कसं येईल गं? पुस्तकात माणसाचं तापमान सदतीस अंश दिलंय. थर्मामीटर झटक आणि परत लाव!" विज्ञानाच्या मॅडम करवादल्या.

सातवीच्या बाकी वर्गाचं सदतीस आलं होतं. विशाखानं थर्मामीटर झटकून काखेत धरलं. पुन्हा चाळीस.

"मॅडम, मला कसंतरी होतंय."

"प्रयोग चुकला की होतंच! उद्या साहेब तपासणीला येतायत. त्यांच्यासमोर माझी शोभा करशील."

तिसऱ्यांदा थर्मामीटर झटकून लावल्यावर विशाखा मान वळवून पाऱ्याकडेच बघत बसली. तो सदतिसावर पोचताच तिनं थर्मामीटर चटकन काढलं.

"बघ! नीट मोजलं की येतं बरोबर," मॅडम खुलल्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

विशाखानं बाकावर डोकं टेकलं. घंटा झाली तरी तिनं ते उचललं नाही.